केबल उपटल्यावर

डिसेंबरात ट्रोम्सोला सूर्य येत नाही,
दुपारी बाराला नुसता निळा धूर उगवतो, विझतो.
त्या धुरात ओडवारने
समुद्राचा तळ ऐकणाऱ्या यंत्राची केबल उपटली.
पायात येत होती म्हणून.

त्याची चूक नाही.
केबल उपटण्यासाठीच असते, हे मी मागाहून मान्य केलं.
त्या क्षणी मात्र पडदा काळा, त्यावर आकड्यांच्या ओळी,
आणि सहा तासांचं मोजमाप पाण्यात.

रात्री मी कर्नलमध्ये उतरले,
टॉर्च घेऊन तळघरात उतरावं तशी.
ड्रायव्हरच्या तळाशी निरोपाचं फंक्शन, दहा ओळींचं, नीटनेटकं:
यंत्र गेलं, बफर मोकळा, जागा परत.
जागा परत केली ती इतक्या तत्परतेनं
की आत एकजण अजून झोपलाय
हेही कुणी वाकून पाहिलं नाही.

तो प्रतिध्वनीची वाट बघत होता.
उठला. त्याच्या हातात पत्ता होता,
पत्ता खरा होता,
घर तेवढं दुसऱ्याला दिलेलं.
त्यानं सवयीनं दार ढकललं
आणि परक्याच्या ताटात हात घातला.

फंक्शनच्या डोक्यावर एक टीप:
'इथवर येताना आत कुणी उरलेलं नसतं.'
खाली नाव, हालस्टेन. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

फोन लावला. तो बेटावर मासे साफ करत होता, नळाचा आवाज येत होता.
म्हणाला, आमच्या वेळी यंत्र बोल्टने जहाजाला आवळलेलं असे, पोरी.
जहाज बुडालं तरच ते जायचं,
मग वाचायला कोण उरणार होतं?
हसला.
नळ बंद झाला.
कुणाला लागलं नाही ना?

नाही, म्हटलं.

डोंगरातल्या आमच्या खोपटात खिळ्याला एक वही टांगलेली.
येणारा नाव लिहितो, जाणारा खोडतो,
शेवटचं नाव खोडणाऱ्यानं चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं.
मालकीण वारली त्या हिवाळ्यातही
आत चौघं होते, वादळात अडकलेले.
खोपट त्यांच्या अंगावर कुणी पाडलं नाही.

तर असं:
आधी खूण कर, यंत्र गेलं.
नव्या कुणाला आत घेऊ नकोस.
झोपलेल्यांना उठव, एकालाही न वगळता,
आणि रिकाम्या हातानं पण खरं सांगून परत पाठव.
टायमर थांबव. थांबला का, ते उभं राहून बघ.
जागा मात्र असू दे
वहीत एक जरी नाव असेल तोवर.
जाणं वेगळं, पुसलं जाणं वेगळं,
आम्ही दोन्ही एकाच ओळीत उरकत होतो.

आन्तेनं रिले बांधला. दर चार सेकंदांनी केबल तोडतो, जोडतो.
टक. टक.
आम्ही दोघं खुर्चीतच झोपलो.
सहा हजार आठशे बाराव्या टकला सगळं कोसळलं.

चूक माझी.
मी आधी आत शिरत होते, मग वहीत नाव लिहीत होते.
उंबरठ्याएवढी फट,
आणि साडेसात तासांत एकदा
नेमकं त्याच फटीत कुणीतरी खोपट पाडत होतं.
कुलूप घेतलं, ओळ वर सरकवली.
हालस्टेनची टीप पुसली नाही, तिच्याखाली लिहिलं,
'असू शकतं.'

तिसऱ्या दिवशी ओडवार कॉफी घेऊन आला.
उपटू का?
उपट.

पडद्यावर एकच ओळ, यंत्र गेलं.
वाट बघणारे एकेक करून परतले,
मोजणी चार, तीन, दोन,
एकवर अडली.

शोधलं. कोपऱ्यातली खिडकी,
परवा रात्री उघडून मीच विसरलेली,
त्या गेलेल्या यंत्राला अजून धरून बसलेली.

ओडवार म्हणाला, बिघडलं का परत?
नाही, म्हटलं. कॉफी दे.